भिजवलेलं कापड

मास्तरांना लोक तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे दोनबोटे. शर्टाचं माप घेताना गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप फिरवली की ते टेपेच्या आत स्वतःची दोन बोटं सरकवायचे आणि मगच आकडा सांगायचे. गळ्याला घोट गिळायला दोन बोटं जागा हवी, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नव्या गिऱ्हाइकांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. एकदा तर 'श्री. दोनबोटे' असं लिहिलेलं टपाल आलं होतं आणि मास्तरांनी ते सही करून निमूट घेतलं होतं.

माप घेणार मास्तर आणि वहीत लिहिणार त्यांची बायको, ही दुकानाची सत्तावीस वर्षांची रीत. मास्तर गिऱ्हाइकाच्या पाठीशी उभे राहून आकडे पुकारायचे, ती मशीनवरची मान वर न करता लिहून घ्यायची. काजं, बटणं, हातशिलाई तिच्याकडं. आणि कापड भिजवणं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाचा शर्ट धुतल्यावर आटला, आणि तो माणूस भर दुकानात तो शर्ट स्वतःच्या मुलाच्या अंगावर घालून दाखवायला घेऊन आला. त्या दिवसापासून न भिजवलेलं कापड तिनं नवऱ्याच्या कात्रीखाली जाऊ दिलं नाही. बादलीत बुडवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री मारायची, मग द्यायचं. घाईतलं गिऱ्हाईक कुरकुरलं तर ती ऐकवायची, "दोन दिवस थांबा. भिजवलेलं कापड आटत नाही. माणसं आटतात, कापड नाही." तोंडानं ती फटकळ होती. शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, मास्तरांची कात्री एक वेळ बोथट होईल, वहिनींची जीभ नाही.

अशा या बाईच्या हातून जे झालं ते मग तिला इतकं का लागलं, हे समजायला एक साधी गोष्ट सांगावी लागेल.

एके दिवशी मास्तरांनी आपला राखाडी शर्ट तिच्या मशीनवर टाकला. कॉलर आवळतेय म्हणाले, धुऊन आटली असेल, बटण जरा सरकव. तिनं गळ्याचं बटण अर्धं बोट सरकवलं. राखाडी दोरा संपला होता, म्हणून निळ्यानं टाचलं. टायखाली कोण बघतंय, आणि टाय तरी कोण लावतंय. चार-पाच महिन्यांनी पुन्हा तेच. मग पांढऱ्या शर्टाचं, मग रेघांच्या. शेवटच्या खेपेला मास्तर काही बोललेही नाहीत. बटण कुठं हवं तिथं खडूनं फुली मारून शर्ट ठेवून गेले, आणि तिनं फुलीवर बटण शिवून टाकलं. हातात काम होतं, दारात गिऱ्हाईक होतं.

मग लेक माहेरी आली. ती वर्षभरानं येत होती. बाप जेवणानंतर उभ्यानं, मान वर करून तांब्यातून पाणी पीत होता आणि ती समोर भांडी गोळा करत होती. ती थांबली. म्हणाली, "बाबा, गळ्यात काय हलतंय तुमच्या?"

सुपारीएवढी गाठ होती. घोट गिळला की वर जायची आणि खाली यायची. रोज समोर बसून जेवणाऱ्या बायकोला ती त्या क्षणी पहिल्यांदा दिसली, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

पुढचं भराभर झालं. आधी घरचे डॉक्टर, मग सोनोग्राफी, मग सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासणी. आयुष्यभर दुसऱ्याच्या कापडात सुई खुपसली, आता आपली पाळी, असं मास्तर तिथल्या नर्सला म्हणाले. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. थायरॉइडचा कॅन्सर. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर फुलपाखरासारखी ग्रंथी काढून दाखवली. त्यातल्या त्यात हा बरा, म्हणाल्या, हळू वाढणारा, बहुतेक लोक पुढं कितीतरी वर्षं जगतात. घरी आल्यावर भेटायला येणाराही प्रत्येक जण तेच सांगायचा की हा बरा कॅन्सर आहे. ती मान हलवायची आणि मनात म्हणायची, एवढा बरा आहे तर घेऊन जा की तुमच्या घरी.

पण त्या पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, ही गाठ कधीपासून आहे. मास्तर म्हणाले, दोन-तीन महिने. चटकन म्हणाले, जसं गिऱ्हाइकाला बुधवारी मिळेल सांगतात तसं. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. शेजारच्या खुर्चीवर बायको बसली होती. तिला सरकवलेली बटणं आठवली, पण तिनं ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर पाठ टेकायला आत गेल्यावर तिनं त्यांचे सगळे शर्ट मांडीवर घेतले. बटण उसवलं की सुईची भोकं मागं राहतात. राखाडी शर्टावर भोकांच्या तीन जागा होत्या. मधल्या जागी निळ्या दोऱ्याचं टोक अजून अडकून होतं. निळा दोरा कधी होता ते तिला पक्कं आठवलं: एका शाळेचे गणवेश शिवले ते वर्ष, त्या मोसमात दुकानात निळ्याशिवाय दोराच नव्हता. बोटावर महिने मोजले. एकोणीस भरले.

कॉलर आटली असेल, ते म्हणाले होते, आणि तिनं ऐकून घेतलं होतं. ते कापड तिनं स्वतः भिजवलेलं होतं. कॉलरच्या आतलं कडक अस्तर, ते बुक्रमसुद्धा. जगातल्या कुठल्याही बाईनं नवऱ्याचं ते बोलणं खरं मानलं असतं तर चाललं असतं. तिनं मानायला नको होतं. गिऱ्हाइकांना दरडावून सांगणारी ती, आणि घरात एकोणीस महिने तो गोळा वाढत होता तेव्हा सुईदोरा घेऊन त्याला जागा करून देत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथं तर तिच्या मते दिवाच अंधार पाडत होता.

तिनं मास्तरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून. राखाडी शर्ट पिशवीत घातला, दोरा आणायला जाते म्हणाली, आणि एकटी हॉस्पिटलात जाऊन दोन तास बाकावर बसली. आत बोलावल्यावर शर्ट टेबलावर पसरला आणि बटणाच्या तिन्ही जागा दाखवल्या, कुठली कधीची ते सांगून. डॉक्टरीणबाईंना आधी काही कळेना. कळल्यावर त्यांनी खणातून पट्टी काढली आणि भोकांमधलं अंतर मोजलं. पुन्हा पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, बरं झालं आलात. इतके दिवस असेल तर मानेच्या बाजूला आणखी गाठी आहेत का, ते मला पुन्हा, स्वतः बघायचंय.

त्यांनी बघितलं. डाव्या बाजूला दोन सापडल्या. सुई घातली, त्यातही तेच निघालं. आता नुसती ग्रंथी काढून भागणार नव्हतं. चीर कानाखालपर्यंत जाणार होती, ऑपरेशन दीडपट लांबणार होतं. आणि गाठ आवाजाच्या नसेला टेकलेली होती. नस वाचवायचा प्रयत्न करू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आवाज काही दिवस बसू शकतो, क्वचित कायमचाही.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं माझा शर्ट तिथं न्यायला?"

ती म्हणाली, न सांगता ठेवलं असतं तर त्या दोन गाठी आतच राहिल्या असत्या.

"राहू दे ना मग. माझा गळा आहे तो. तू बटणं लाव."

एवढं बोलून ते गप्प झाले ते झालेच. ऑपरेशनला नऊ दिवस होते. लेकीशी फोनवर बोलायचे, इस्त्रीवाल्याशी बोलायचे, गिऱ्हाइकांशी तर नेहमीसारखे हसून बोलायचे. बायकोशी नाही. दुकानात माप घेताना आकडे पुकारणं बंद केलं. स्वतःच चिठोऱ्यावर लिहायचे आणि तिच्या मशीनवर ठेवायचे. सत्तावीस वर्षांत त्यांचं अक्षर तिनं फारसं पाहिलं नव्हतं. छातीचा चाळीस आणि कमरेचा पस्तीस सारखेच दिसायचे. विचारायची सोय नव्हती. ती अंदाजानं वहीत उतरवायची. घरात गडबड नव्हती, भांडण नव्हतं, आणि तिच्या डोक्यात दिवसभर एकच हिशेब चालायचा की ह्यांच्या आवाजाचे नऊ दिवस उरलेत, मग आठ, मग सात, आणि त्यातला एक शब्द माझ्या वाट्याला येत नाही. इस्त्रीवाल्याला सुगावा लागला. मास्तरांना म्हणाला, आवाज साठवून ठेवताय होय, वहिनींवर खर्च नको म्हणून. मास्तर हसले नाहीत. ती आतल्या खोलीत निघून गेली.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवरून नेताना तरी बोलतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, घड्याळ काढून तिच्या हातात दिलं, आणि दार बंद झालं.

पाच तास लागले. बाहेर आणलं तेव्हा गळ्याला पट्टी, पट्टीखालून निघालेल्या दोन नळ्या, नळ्यांना लटकलेल्या लाल पाण्याच्या बाटल्या. चीर नंतर दिसली. कॉलरच्या शिवणीसारखी सरळ जाऊन डाव्या कानाकडं वळलेली. तिच्या डोळ्यांनी नकळत टाके मोजले; बारीक होते, कुणातरी चांगल्या हाताचे. शुद्धीवर आल्यावर नर्सनं मास्तरांना नाव विचारलं. ओठ हलले, वारा आल्यासारखा आवाज आला, बाकी काही नाही. नस शाबूत आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण गाठीपासून सोडवताना ताणली गेली. तीन महिने, सहा महिने, वाट बघायची.

म्हणजे आता ते बोलत नाहीत की बोलता येत नाही, हे तिला कळायचा मार्गच बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुलावर बसून होती. मास्तर छताकडं बघत पडले होते आणि उजव्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांच्या टोकांवर घासत होते, जणू कापडाचा पोत बघताहेत. ती पाहत राहिली. थोड्या वेळानं डाव्या हाताचंही तेच सुरू झालं. तिनं विचारलं, मुंग्या येतात का? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि हात चादरीखाली घेतले.

महिन्याभरापूर्वी तिनं ते मानलं असतं. तिनं चादर ओढली. दोन्ही हात मनगटातून वाकले होते, बोटं सरळ ताठ होऊन टोकाशी एकमेकांना चिकटली होती. ती उठून बाहेर गेली आणि भरल्या वॉर्डात ओरडली की माझ्या माणसाकडं आत्ताच्या आत्ता कुणीतरी बघा. एका नर्सनं औषधं वाटून झाल्यावर येते म्हटलं, तर हिनं तिच्या ट्रॉलीलाच हात घातला. रक्तातलं कॅल्शियम घसरलं होतं. ग्रंथीला चिकटलेल्या ज्या बारीक ग्रंथी कॅल्शियम सांभाळतात त्या ऑपरेशनात दुखावतात, असं होतं कधीकधी. लगेच सांगायचं, लपवायचं नाही, तरुण डॉक्टर मास्तरांना म्हणाला. शिरेतून कॅल्शियम हळूहळू चढवलं. तासाभरानं बोटं सुटली. मास्तरांनी ती उघडमीट करून पाहिली. मग डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर गेलं. तिनं पुसलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

घरी आल्यावरचे दिवस वेगळेच वाईट. आयोडिनचा डोस द्यायचा होता, उरल्यासुरल्या पेशी जाळायला; त्याआधी थायरॉइडची गोळी काही आठवडे बंद ठेवायची आणि जेवणात आयोडिन नको. म्हणजे नेहमीचं मीठ बंद, दूध बंद, अंडं बंद, बाहेरचं सगळं बंद. दुकानांतून फिरून तिनं आयोडिन नसलेलं मीठ शोधून आणलं. मास्तर फुगले, गारठले, मंद झाले. भर उन्हात स्वेटर घालून बसायचे. गोळी नसली की असंच होतं, लेक फोनवर समजावायची, पण तो माणूस असा संथपणे डोळे उघडून बघताना दिसला की तिला वाटायचं, गाठीबरोबर मास्तरांचंही काहीतरी काढून घेतलंय.

तशातच ते एकदा हट्टानं दुकानात आले आणि एक शर्ट कापला. तिनं जोडायला घेतला तर दोन्ही बाह्या डाव्या. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिनं बाह्या घडी करून खणात टाकल्या, तसलंच कापड आणवलं, भिजवलं, वाळवलं आणि पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मास्तरांनी कापडाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. त्यांना कळलं. कात्रीला हात न लावता ते घरी गेले. कापड न बोलता पुन्हा ठेवलं ही आपली चूक झाली की नाही, याचा विचार ती बरेच दिवस करत होती.

आयोडिनची कॅप्सूल घेतल्यावर दोन दिवस हॉस्पिटलातली बंद खोली आणि नंतर आठवडाभर घरात वेगळी खोली, वेगळं ताट, वेगळा टॉवेल. अंगातून किरणं निघतात, जवळ जायचं नाही. ती दाराशी ताट ठेवून मागं सरकायची. ते येऊन उचलायचे. तिसऱ्या दिवशी रिकाम्या ताटाबरोबर एक चिठोरं आलं. तेच ते वाचता न येणारं अक्षर. तिनं उजेडात धरून वाचलं. 'नेहमीचं मीठ कधी मिळणार.' सहा आठवड्यांत तिला मिळालेला तो पहिला शब्द. ती स्वयंपाकघरात जाऊन आधी रडली आणि मग हसली. दारापाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "डॉक्टरांना विचारून सांगते. तोवर गप जेवा." आतून वारा फुंकल्यासारखा आवाज आला. हसणं होतं की खोकला, तिला कळलं नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली तसे मास्तर हळूहळू माणसात आले. मान डावीकडं वळवताना खांदा अजून दुखायचा. आवाज चौथ्या महिन्यात परतला, पण जुना नाही. फाटक्या कापडासारखा, मध्येच सुटणारा. मशीन चालू असलं की ऐकू यायचा नाही. म्हणून ते बोलायला लागले की ती पाय थांबवायची.

सहा महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. कॅन्सर उरलाय का ते सांगणारा जो आकडा शून्याजवळ यायला हवा होता तो आला नव्हता. फार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आहे. घाबरायचं नाही, विसरायचंही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. दोघं बसची वाट बघत उभी होती तेव्हा ती सारखी त्यांच्या गळ्याकडं बघत होती. मास्तरांनी रुमाल बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्यांनी तो राखाडी शर्ट तिच्या मशीनवर ठेवला. गाठ गेली, गळा बारीक झाला, कॉलर आता लोंबत होती. फुली मारलेली नव्हती.

"बटण मागं घ्यायचंय," ते म्हणाले.

तिनं मशीन थांबवलं. शर्ट उचलला नाही.

मास्तर तिच्या समोरच्या स्टुलावर बसले. एवढं लांब बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. "मला माहीत होतं. पहिल्या खेपेलाच. कॉलरीत बोटं घातली तर एकच बोट जात होतं. म्हटलं, कुणी विचारलं नाही तर नसेलच."

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "ते कापड मी भिजवलेलं होतं."

बाहेर इस्त्रीवाला कुणाशी तरी निळीवरून हुज्जत घालत होता.

मग ती उठली, खुंटीवरची टेप घेतली. मास्तर म्हणाले, माप कशाला, जुन्या भोकांवरच लाव की. ती म्हणाली, तुमचं माप आपल्या वहीत नाही. आणि खरंच नव्हतं. सगळ्या गावाच्या गळ्यांची मापं त्या वहीत होती. मास्तर स्वतःचे शर्ट मनानंच कापायचे. तिनं वही आणि पेन्सिल त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या पाठीशी उभी राहिली. रुमाल सोडला. टेप फिरवली, वण चुकवून, फार न आवळता. टेपेच्या आत दोन बोटं घातली. वणाची कड अजून जाड होती. तिथून तिची बोटं डावीकडं गेली, कानाखाली, जिथं त्या दोन गाठी होत्या. मग सावकाश उजवीकडं, मग पुन्हा मधे.

मास्तर पेन्सिल टेकवून वाट बघत होते. त्यांनी घोट गिळला. तो तिच्या बोटांखालून वर गेला, खाली आला.

"आकडा सांग की," ते त्या फाटक्या आवाजात म्हणाले.

"थांबा," ती म्हणाली. "अजून बघतेय."